चुनखडीपासून चुना कसा बनवायचा: भट्टी लावण्यापासून विरवण्यापर्यंत

चुना बनवायचा म्हणजे चुनखडी भट्टीत भाजायची एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि ते खरंही आहे, पण पहिल्यांदा भट्टी लावणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा काय येतं तर वरून पांढरेशुभ्र आणि आतून तसेच कच्चे राहिलेले दगड. माझ्या पहिल्या भट्टीत हेच झालं, शंभरेक किलो दगड टाकलेला, रात्रभर आच दिली, दुसऱ्या दिवशी हातोडीने एकेक फोडून बघतो तर जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात करडा गाभा, कोयीसारखा. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की या कामातलं सगळं कसब आच गाभ्यापर्यंत पोचवण्यात आहे, आणि तीही बाहेरची बाजू करपू न देता. दगड निवडण्यापासून विरवण्यापर्यंत (म्हणजे भाजलेल्या चुन्याला पाणी पाजून तो फोडण्यापर्यंत) जे काही करायचं ते याच एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून हा भाग मी जरा सविस्तर लिहितोय.

आधी भट्टीत होतं काय ते बघू. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड गॅस निघून जातो आणि मागे कॅल्शियम ऑक्साइड राहतं, ज्याला आपण कळीचा चुना म्हणतो. वजनाचा हिशोब सोपा आहे, १०० किलो एकदम शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळी मिळते आणि ४४ किलो गॅस हवेत जातो. म्हणजे नीट भाजलेला दगड उचलला की हाताला लगेच कळतं, आकार जवळपास तोच पण वजन निम्म्याच्या आसपास, उचलताना हात उगाच वर जातो. हा गॅस दगडातूनच निघतो, त्यामुळे जळण कुठलंही वापरा तो निघणारच, त्यात जळणाचा धूर आणि गॅस वेगळा.

टेम्परेचर साधारण ९०० अंश सेल्सिअस लागतं. त्याच्या खालीही थोडंफार काम चालू होतं पण फार सावकाश, ९०० च्या आसपास गॅसला दगडातून जोरात बाहेर पडण्याइतका दाब मिळतो. आणि ही प्रोसेस उलटी पण फिरते बरं का, भट्टीत गॅस साचून राहिला आणि आच उतरली तर तयार झालेली कळी तोच गॅस परत खायला लागते, म्हणून भट्टीतून हवा सतत खेळती पाहिजे, नुसती उष्णता असून भागत नाही.

दगड कसा ओळखायचा. चुनखडीवर लोखंडी खिळ्याने ओढलं तर सहज ओरखडा पडतो, आणि पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला की लगेच फसफसतं. ॲसिड नसेल तर दगडाचा थोडा भाग कुटून त्या पुडीवर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे येतात, जरा हळू येतात पण येतात. थंड ॲसिडमध्ये अख्खा तुकडा जेमतेम फसफसतो पण त्याचीच पूड मात्र चांगली फसफसते असं झालं तर तो डोलोमाइट असण्याची शक्यता जास्त, म्हणजे त्यात मॅग्नेशियम आहे. त्याचाही चुना होतो, पण त्यातला मॅग्नेशियमचा भाग कमी आचेवरच सुटतो आणि कॅल्शियमचा भाग भाजून होईपर्यंत तो जास्त भाजला जातो, मग विरताना फार वेळ घेतो. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

दगडात माती किंवा वाळूचा अंश असेल तर चुना वेगळ्या जातीचा होतो. चिकणमातीचा अंश असलेली चुनखडी भाजली तर पाण्याखालीही घट्ट होणारा चुना मिळतो, हे १७५६ नंतर जॉन स्मीटन या इंग्लिश इंजिनीअरने समुद्रातल्या एडिस्टन दीपगृहासाठी वेगवेगळे चुने तपासताना शोधून काढलं. तो चुना बांधकामाला उत्तमच, पण तो विरवून पाण्याखाली महिनोन्महिने ठेवायचा नसतो कारण तिथेच त्याचा दगड होतो. म्हणून थोडी पूड ॲसिडमध्ये पूर्ण विरघळवून तळाला किती गाळ उरतो ते आधीच बघून ठेवा, गाळ अगदी नावापुरता असेल तर दगड शुद्ध.

आता दगड फोडणं. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं आणि इथेच घाई होते, पण निम्मी भट्टी इथेच जमते किंवा बिघडते. दगड बाहेरून आत भाजत जातो, भाजलेला आणि कच्चा यांच्यातली सीमारेषा हळूहळू आत सरकत राहते, आणि तिचा वेग टेम्परेचरवर ठरतो. ९०० अंशांना ती तासाला साधारण ३.३ मिलिमीटर सरकते, १००० ला साधारण ७ मिलिमीटर, ११०० ला १४ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ५ सेंटिमीटरचा दगड घेतला तर बाहेरून गाभ्यापर्यंतचं अंतर अडीच सेंटिमीटर, त्याला ९०० वर साडेसात तास लागतात आणि १००० वर साडेतीन-चार तास. तोच दगड १० सेंटिमीटरचा असेल तर वेळ सरळ दुप्पट. आता विचार करा, एकाच भट्टीत ३ सेंटिमीटरचे आणि १५ सेंटिमीटरचे दगड मिसळून टाकले तर लहान कधीच भाजून करपायला लागलेले असतात आणि मोठ्यांच्या पोटापर्यंत आच पोचलेलीच नसते. माझ्या पहिल्या भट्टीत मुठीएवढे आणि डोक्याएवढे दगड एकत्र होते, दुसरं काही नाही.

म्हणून लहान भट्टीसाठी ४ ते ५ सेंटिमीटर, लिंबापेक्षा जरा मोठे, आणि सगळे एका मापाचे. चुरा आणि बारीक खडी चाळून बाजूला काढा, ती फटींमध्ये जाऊन बसते आणि हवेची वाट बंद करते. फोडताना गॉगल घाला, चुनखडीच्या कपच्या डोळ्याच्या दिशेने उडतात. फोडलेला दगड उन्हात नीट वाळवून घ्या, ओला दगड एकदम तापला की आतल्या वाफेने तडकतो आणि त्याचा चुरा होऊन परत तोच प्रॉब्लेम.

भट्टी बांधायला फार खर्च नाही. आतून ६० सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मीटर उंचीची गोल भट्टी एका माणसाला झेपते. आतला थर फायरब्रिकचा, म्हणजे जास्त आच सोसणाऱ्या खास विटांचा, असेल तर फारच छान, नाहीतर पक्क्या भाजलेल्या भरीव विटा मातीच्या गाऱ्यात बसवा. सिमेंटचा गारा किंवा काँक्रीट वापरू नका, या आचेला ते टिकत नाही, कमकुवत होतं आणि कधीकधी त्याचे टवकेही उडतात. चुनखडीचेच दगड भिंतीला लावू नका, ते आतल्या मालाबरोबर भाजले जातील. विटांच्या बाहेरून मातीचा जाड लेप किंवा मातीचा भराव द्या, जेवढी उष्णता आत राहील तेवढा कोळसा वाचतो. तळाशी जाड लोखंडी सळयांची जाळी, जाळीखाली राख पडायला मोकळी जागा, आणि त्या जागेत चारी बाजूंनी एकेक वीट काढून ठेवलेली हवेची भोकं. ही भोकं विटेने कमीजास्त बंद करता आली पाहिजेत, पुढे आच याच्यावरच सांभाळायची असते. जागा उघडी, वस्तीपासून लांब, आणि वरती कसलंही छप्पर नको.

भरताना जाळीवर आधी २० सेंटिमीटर सुकी लाकडं, त्यावर १५ सेंटिमीटर लाकडी कोळसा, मग दगडाचा एकच थर, परत कोळसा, परत दगड, असं वरपर्यंत. लाकडी कोळसा हलका असतो म्हणून थर बघून अंदाज चुकतो, वजन करूनच घ्या. मोठ्या साध्या भट्टीत ५ ते ७ भाग दगडाला १ भाग दगडी कोळसा पुरतो, पण लहान भट्टीतून उष्णता फार वाया जाते, तिथे ३ ते ४ भाग दगडाला १ भाग लाकडी कोळसा धरा, म्हणजे १०० किलो दगडाला साधारण ३० किलो. शुद्ध हिशोबाने एक किलो कळीला ३.२ मेगाज्यूल एवढीच ऊर्जा लागते, बाकी सगळी भिंतीतून आणि वरून जाणाऱ्या गरम हवेतून निघून जाते. सगळ्यात वर दगडाचा मोकळा थर ठेवा, झाकण लावून गच्च बंद करू नका. निव्वळ लाकडावर भाजायचं असेल तर पद्धत वेगळी, तिथे मोठ्या दगडांची डाट म्हणजे कमान रचून खाली पोकळी ठेवतात, पोकळीत लाकूड जाळत राहायचं आणि दगड वर रचायचा, त्यात राख मालात मिसळत नाही आणि चुना जास्त पांढरा निघतो पण दिवसरात्र कुणीतरी लाकूड घालत बसावं लागतं.

पेटवताना घाई नको. पहिले दीड-दोन तास भोकं अर्धी बंद ठेवून हळू आच द्या, पांढरी वाफ येईल, ती दगडातल्या ओलाव्याची. वाफ कमी झाली की भोकं उघडा. यानंतर रंगावर लक्ष. अंधारात बघणं सगळ्यात सोपं, म्हणून मी संध्याकाळी पेटवतो. खालच्या भोकातून आत डोकावलं की गडद लाल दिसतं तोवर ७०० च्या आसपास, अजून काहीच होत नाहीये समजा. चेरीसारखा उजळ लाल आला की ८०० ते ९०० मध्ये आहात. नारिंगी रंग म्हणजे १०००, आणि हाच हवा, हा शक्य तितका वेळ टिकवायचा. पिवळा दिसायला लागला तर ११०० च्या पुढे गेलं, भोकं थोडी बंद करा, कारण तिथून पुढे चुना करपतो. डोकावताना चेहरा भोकाच्या सरळ समोर नेऊ नका, बाजूने बघा.

करपलेला चुना म्हणजे काळा पडत नाही हं, दिसायला पांढरा किंवा जरा पिवळसरच असतो. पण जास्त आचेत त्यातली बारीक छिद्रं मिटतात, दगड आकसतो, जड आणि कठीण होतो, आणि मग पाणी आत शिरायलाच तयार नसतं. हा कच्च्यापेक्षा वाईट, कारण कच्चा गाभा चाळणीत अडकतो आणि बाहेर काढता येतो, करपलेला दाणा मात्र चाळणीतून जातो, गिलाव्यात जाऊन बसतो, आणि महिन्यांनी भिंतीतच विरायला लागतो, तिथे फुगतो आणि भिंतीवरून नाण्याएवढी टिकली उडवून लावतो. भिंतीवर असे खड्डे दिसले आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका असेल तर कारण बहुतेक हेच.

आता सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी. चालू भट्टीतून कार्बन डायऑक्साइड निघतो तो हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचतो, आणि सोबत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंग नाही वास नाही. पूर्वी थंडीत ऊब मिळते म्हणून लोक चुन्याच्या भट्टीच्या कडेला झोपायचे आणि त्यातले काही सकाळी उठायचेच नाहीत. म्हणून भट्टीवर वाकायचं नाही, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायचं नाही, शेजारी झोपायचं तर अजिबात नाही, आणि बंद शेडमध्ये भट्टी लावायचीच नाही. हे मी परत सांगतोय कारण यात दुसरी संधी मिळत नाही.

८ ते १२ तासांत आच वर सरकत जाऊन कोळसा संपतो. मग भोकं बंद करून एक पूर्ण दिवस थंड होऊ द्या. वर पाणी मारून थंड करायचा विचारही करू नका. पाऊस येणार असेल तर पत्रा टाका, पण उंच टेकवून, हवा जाईल असा. थंड झाल्यावर माल लगेच काढा, उशीर केला तर कळी हवेतला ओलावा ओढून आपोआप विरायला लागते आणि तिचं तेज जातं.

काढताना हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचे कपडे, नाकातोंडाला मास्क. कळीला पाण्याची हाव असते आणि घामेजलेली कातडी तिला चालते, डोळा तर नक्कीच चालतो. कातडीवर कोरडी पूड पडली तर आधी झटकून टाका मगच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेली तर क्षणाचाही वेळ न घालवता वाहत्या पाण्याखाली पापणी उघडी धरून किमान २० मिनिटं धुवायचं आणि सरळ डॉक्टरकडे. काम चालू करण्याआधी पाण्याचा नळ किंवा भरलेली बादली जवळ आहे ना ते बघा.

निवड करताना एकेक दगड हातात घ्या. हलका, पांढरा, टिचकी मारली की पोकळसा आवाज, आणि थेंबभर ॲसिड टाकलं तर फसफसत नाही, तो पक्का. जड लागला, आवाज घट्ट आला तर तो कच्चा किंवा करपलेला, वेगळा ठेवा. आणखी पक्की टेस्ट हवी असेल तर १५० ग्रॅम कळी कुटून २० अंशांच्या ६०० ग्रॅम पाण्यात टाका, ढवळत राहा आणि थर्मामीटर धरा, चांगली मऊ भाजलेली, म्हणजे जास्त आच न लागलेली कळी दोन-तीन मिनिटांच्या आत पाणी ६० अंशांवर नेते. दहा-पंधरा मिनिटं लागली तर आच जास्त झाली किंवा माल शिळा झाला असं समजा.

आता विरवणं, मला सगळ्यात आवडणारा भाग. कळीचा एक खडा पाण्यात सोडा आणि बघत राहा. आधी सूं असा आवाज, छिद्रांतली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर येते. मग काही क्षण एकदम शांत, वाटतं काही होणारच नाही. मग खड्यावर केसाएवढी भेग पडते, शेजारी दुसरी, भेगेतून वाफ यायला लागते, खडा फुगतो, पाकळ्या सुटाव्यात तसा उमलतो आणि बघता बघता त्याचा पांढरा लगदा होतो, भोवतालचं पाणी उकळतं. एक किलो कळी विरताना साधारण ११६० किलोज्यूल उष्णता सोडते, भट्टीत घातलेल्या आचेतला एक मोठा हिस्सा इथे परत मिळतो असं म्हणायला हरकत नाही.

ओला चुना करायचा तर लोखंडी पिंपात किंवा विटांच्या हौदात आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी टाका, उलटं करू नका. कळीच्या ढिगावर थोडंसं पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून चुना उडवतं. १ किलो कळीला ३ लिटर पाणी धरा. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, चुना त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो, प्लॅस्टिकची बादली वितळू शकते, आणि झाकण लावलेलं भांडं तर कधीच नाही, वाफेने फुटेल. लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहा, तळाला गोळा बसला की तो पाण्याविना स्वतःच्याच उष्णतेत जळतो आणि नंतर किरकिरीत राहतो. फार घट्ट झालं तर थोडं पाणी वाढवा पण एकदम गार पाण्याचा लोंढा नको, नाहीतर विरणं अर्धवट थांबतं.

उकळी बसून थंड झालं की २-३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून घ्या आणि हौदात वर सतत चार बोटं पाणी राहील असा ठेवा. लगेच वापरू नका, किमान तीन-चार आठवडे, जमलं तर काही महिने. मुरत जाईल तसे कण बारीक आणि चपटे होत जातात, चुना लोण्यासारखा होतो, थापीला चिकटून राहतो, आणि चुकून आलेले करपलेले दाणेही या काळात विरून जातात. रोमन लेखक प्लिनी तर लिहून गेलाय की जुन्या नियमांप्रमाणे तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना कंत्राटदाराला वापरता येत नसे.

कोरडी पूड हवी असेल तर कळी पसरून झारीने पाणी शिंपडायचं, उलटपालट करायचं. हिशोबाने १ किलो कळीला ३२० ग्रॅम पाणी पुरतं पण बरंच वाफ होऊन जातं म्हणून अर्धा ते पाऊण लिटरच्या मध्ये लागतं. जमलं तर शेवटी पिठासारखी कोरडी पूड हाती येते, चाळून हवाबंद ठेवा. एक किलो कळीची साधारण १ किलो ३२० ग्रॅम पूड होते.

हौदावर उभं राहिलेलं स्वच्छ पाणी म्हणजेच चुन्याची निवळी. लिटरमागे जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना त्यात विरघळलेला असतो. थोडी निवळी ग्लासात घेऊन स्ट्रॉने हलकेच फुंकर मारा, तोंडात ओढू नका, क्षणात दुधाळ होते, श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना परत चुनखडी होतो. भिंतीवरचा गिलावा पण असाच महिनोन्महिने हवेतून गॅस घेत घट्ट होतो, म्हणून त्याला सुरुवातीचे दिवस ओलसर ठेवावं लागतं, एकदम वाळला तर ओलाव्याविना चुना गॅस घेत नाही आणि हात फिरवला की पांढरी पूड सुटते.

आणि चाळणीत अडकलेले कच्चे गाभे फेकू नका. धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून बाजूला ठेवा. पुढच्या भट्टीत ते मधल्या थरात टाका, तिथे आच सगळ्यात जास्त वेळ टिकते, आणि आकाराने आता लहान झालेले असतात त्यामुळे या खेपेला आतपर्यंत सहज भाजून निघतात.